आधी प्रत, मग मत

बाळा, तुझ्या क्वाडचा फ्लाइट कंट्रोलर तू एआय एजंटला जोडून दिलायस असं कळलं. तो म्हणे पीआयडी वाचतो, फिल्टर वाचतो आणि वर चांगल्या मराठीत समजावूनही सांगतो. मला आवडलं हे. फेब्रुवारी २०२२ पासून आपल्याकडे परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, काही अपवाद सोडले तर. सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे हौशी पोरं क्वाड घरच्या टेबलावरच जोडतात, आणि अशा क्वाडसोबत कंपनीचा तक्ता येत नाही. आत काय भरलंय ते आपलं आपल्यालाच वाचावं लागतं. वाचायला सोबती मिळाला तर बरंच आहे.

सोबत्याला कसं वागवायचं तेवढं मावशीकडून ऐकून घे. उदाहरणं बीटाफ्लाइट या फर्मवेअरची देते, कारण तुझ्या पाच इंची क्वाडवर तेच आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर आकडे ४.३ ते ४.५ या आवृत्त्यांचे समज.

टेबलावर बसताना

१. पाती आधी काढ, केबल नंतर लाव – "नुसतं वाचायचंय, मोटर कशाला फिरेल" असं सगळ्यांनाच वाटतं, आणि बोटं सगळ्यांना दहाच असतात.

२. लायपो लावूच नकोस, सेटिंग वाचायला यूएसबीची वीज पुरते – ईएससीला वीज नसली की चुकून गेलेला हुकूमसुद्धा मोटर फिरवू शकत नाही.

३. छोट्या वूपवर यूएसबीची वीज बऱ्याचदा व्हिडिओ ट्रान्समीटरलाही जाते, तेव्हा समोर एखादा लहान पंखा ठेव – उडताना वाऱ्याने थंड राहणारा तो तुकडा टेबलावर तापतो, आणि एआयशी तुझ्या गप्पा किती लांबतात ते मला माहीत आहे.

४. डेटा नेणारी केबल वेगळी ठेव, तिला रंगीत चिकटपट्टी लाव – नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या ताराच नसतात; बोर्डावरचा दिवा लागतो, पोर्ट काही दिसत नाही, आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. लॅमिंग्टन रोडला केबल घेतलीस तर दुकानातच लॅपटॉप लावून बघ. तार मुकी तर रात्र फुकट.

५. कॉन्फिगरेटर बंद कर, मगच एआयचं टूल चालू कर – सीरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हातात राहतो. दोघं झगडले की बोल मात्र बिचाऱ्या बोर्डाला लागतो.

६. लिनक्सवर "परवानगी नाही" असं आलं तर स्वतःला डायलआउट गटात घाल, टूल रूटच्या अधिकाराने चालवू नकोस – एका पोर्टपायी सगळं मशीन त्याच्या ताब्यात जातं.

७. प्रत्येक क्वाडला नाव दे आणि एजंटला पहिला प्रश्न हाच विचार: समोर कोण आहे, बोर्ड कोणता, आवृत्ती कोणती – पोर्टचा क्रमांक आज एक, उद्या दुसरा. पाच इंचीचे आकडे वूपचे म्हणून वाचले गेले, तर पुढचं सगळं बोलणं चुकीच्या पायावर उभं राहतं.

आधी प्रत

८. एआयला एक अक्षर विचारण्याआधी कॉन्फिगरेटरमध्ये स्वतः सीएलआय, म्हणजे हुकूम टंकायची खिडकी, उघड, "डिफ ऑल" दे, आणि आलेला मजकूर तारीख घालून जतन कर – आधी प्रत, मग मत. प्रत हाताशी असली की पुढे काहीही बिघडलं तरी परतायची वाट राहते.

९. तीच फाइल फोनवर किंवा मेलमध्येही ठेव – लॅपटॉप रुसतो तो नेमका मैदानावर.

१०. शक्यतो एजंटला जिवंत बोर्ड देऊच नकोस, ही फाइल दे – फाइल वाचून कुणाचंही काही बिघडत नाही. "माझे फिल्टर काय आहेत", "गेल्या महिन्यापासून काय बदललं", "थ्रॉटल वर नेल्यावर पीआयडी कुठून कमी होतात", असल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिच्यातून मिळतात. बोर्ड जोडायची वेळ येते ती आत्ता या क्षणी आत काय आहे हे बघायचं असेल तेव्हाच.

११. फाइल इंटरनेटवरच्या एआयला देण्याआधी पायलटचं नाव, चिपचा ओळखक्रमांक आणि एक्स्प्रेसएलआरएसचा यूआयडी या ओळी पुसून टाक – ट्यूनिंगसाठी त्या लागत नाहीत. रिसीव्हर बोर्डातच असेल तर तो यूआयडी डिफमध्ये उघडा पडलेला असतो, आणि तुझा रेडिओ नि तुझं क्वाड यांची जोडी त्याच्यावरच जुळते.

१२. जीपीएस असलेल्या क्वाडचा ब्लॅकबॉक्स लॉगही असाच सांभाळून दे – उड्डाण जिथून झालं ती जागा त्यात लिहिलेली असते, आणि ती जागा पुष्कळदा आपल्या घराची गच्ची असते.

वाचणारा हात वेगळा, लिहिणारा वेगळा

इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख इथेच आहे.

एजंट बोर्डाशी बोलतो तो बहुतेक वेळा एमएसपीने, म्हणजे मल्टीवी सीरियल प्रोटोकॉलने. मल्टीवी हा बीटाफ्लाइटचा पणजोबा. २०१० च्या सुमारास एका फ्रेंच हौशी माणसाने निन्टेंडोच्या वी या गेम कन्सोलच्या जायरोवर तो उभा केला होता. त्याची भाषा आजही चालते. डॉलरचं चिन्ह, मग एम, मग दिशा दाखवणारा बाण, पुढे लांबी, निरोपाचा क्रमांक, माहिती, आणि शेवटी पडताळणीचा एक बाइट. बोर्डाला निरोप कळला नाही तर बाणाच्या जागी उद्गारचिन्ह येतं. बस, एवढंच. एवढ्याशा निरोपातला क्रमांकच ठरवतो की तू नुसतं बघतोयस की ढवळतोयस.

१३. टूलच्या कोडमध्ये तीन आकडे शोध: पीआयडी वाचायचा निरोप ११२, बदलायचा २०२, बदल बोर्डात कायमचा कोरायचा २५० – शेवटचे दोन कोडमध्येच नसतील तर एजंट कितीही उत्साहात आला तरी या निरोपांच्या वाटेने पीआयडी बदलू शकत नाही. ज्याच्या हातात लेखणी नाही त्याच्याकडून गिरगटा होत नाही.

१४. "शंभरातले निरोप वाचनाचे, दोनशेच्या पुढचे लेखनाचे" हा जुना नियम आंधळेपणाने लावू नकोस – फिल्टर वाचायचा निरोप ९२ आणि लिहायचा ९३. पीआयडीच्या पुढच्या बाबी ९४ ने वाचतात आणि ९५ ने लिहितात. अगदी शेजारी-शेजारी आहेत ते. म्हणून मुभा द्यायची ती निरोप एकेक मोजून, पट्ट्याने नाही.

१५. टूलवर "फक्त वाचन" अशी खूण असली तरी कोड एकदा बघच – एजंटला टूल जोडण्यासाठी अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ही खूण लावायची सोय आहे, पण ती टूल बनवणाऱ्याने स्वतः दिलेली सूचना असते, कुलूप नसतं.

१६. "नेहमी परवानगी द्या" हे बटण वाचनाच्या टूलपुरतं ठीक, लिहिणाऱ्या टूलवर कधीच दाबू नकोस – दहा वेळा "हो" म्हणायचा कंटाळा येतो हे खरं, पण अकराव्या वेळी काय आलंय ते तुला दिसलं पाहिजे.

१७. नुसत्या ११२ वर समाधान मानणारं टूल अर्धं चित्र दाखवतं हे ध्यानात ठेव – उत्तर येतं पंधरा बाइटचं: रोल, पिच, यॉ, लेव्हल आणि मॅग, प्रत्येकाचे तीन. फीडफॉरवर्ड आणि डी-मिन त्यात नसतातच, ते ९४ मधून येतात. एजंट "तुझं फीडफॉरवर्ड शून्य दिसतंय" म्हणाला तर आधी विचार, तू ते वाचलंस तरी का?

१८. एमएसपीने येतं ते त्या वेळी चालू असलेलं प्रोफाइल, तेवढंच – दुसरं वाचायचं तर बोर्डाला आधी ते निवडायला सांगावं लागतं, आणि निवडणं हाही बदलच झाला. एजंटने सगळी प्रोफाइल "वाचून" शेवटच्यावर सोडून दिलं आणि मग काही सेव्ह झालं, तर पुढचं उड्डाण त्याच प्रोफाइलवर होईल. सगळी प्रोफाइल हवीत तर डिफ ऑल आहेच ना हाताशी.

१९. एजंट सीएलआयमधून वाचत असेल तर एका वेळी एकच रस्ता धरायला सांग – सीएलआय उघडली की त्या पोर्टवर एमएसपीला उत्तर मिळत नाही. मग टूल वाट बघत बसतं आणि तुला वाटतं बोर्ड गेला.

२०. सीएलआयमध्ये "एक्झिट" म्हटलं की बोर्ड रीबूट होतो, हे माहीत असू दे – मध्येच संपर्क तुटला म्हणून घाबरून केबल उपटू नकोस, दहा सेकंद थांब. सेव्ह न केलेले बदल या रीबूटमध्ये निघून जातात. सेव्ह केलेले राहतात, म्हणून "सेव्ह" हा शब्द एजंटच्या हाती नको.

२१. एमएसपीने बदललेला पण न कोरलेला आकडा वीज असेपर्यंत बोर्डाच्या स्मृतीत जिवंत असतो – शंका आली की काही सेव्ह न करता केबल काढ, पुन्हा लाव, पुन्हा वाच. आकडा जुन्यावर आला तर कळेल की कुणीतरी मध्ये हात घातला होता.

आकडा एकटा, अर्थ पोरका

आकडे बरोबर आले म्हणजे वाचन झालं असं नाही. एजंट चुकतो तो आकड्यात क्वचित, अर्थात जास्त. आणि बोलतो इतक्या ठामपणे की ऐकणाऱ्याला चूक दाखवायचा संकोच वाटतो. तू संकोच करू नकोस.

२२. आवृत्ती कळल्याशिवाय "हा आकडा जास्त आहे" हे वाक्य ऐकूनच घेऊ नकोस – रोलचा मूळचा पी ४.२ मध्ये ४२ होता, ४.३ पासून ४५ झाला. जुन्या आठवणीवर बोलणाऱ्या एजंटला तुझा मुळातला ४५ सुद्धा कुणीतरी वाढवलेला वाटेल.

२३. डिफमध्ये जे दिसत नाही ते शून्य नसतं, ते मूळचं असतं – डिफ फक्त बदललेल्या ओळी दाखवते. न दिसणारा आकडा हवा असेल तर "गेट" देऊन बोर्डाकडूनच घे, एजंटच्या आठवणीतून नको.

२४. फिल्टरपुढे शून्य दिसलं तर बहुधा तो फिल्टर बंद आहे – हर्ट्झ जितके कमी तितकी गाळणी घट्ट आणि उशीर जास्त, हे खरं. पण तोच तर्क ताणून "शून्य म्हणजे सगळ्यात घट्ट" असं एजंट म्हणू लागला की त्याला तिथेच अडव.

२५. दशांश चिन्ह लपलेलं असतं, ते शोध – सेलचा किमान व्होल्टेज ३३० म्हणजे ३.३० व्होल्ट, डायनॅमिक नॉचचा क्यू ३०० म्हणजे ३, आणि डीशॉट आयडल ५५० म्हणजे साडेपाच टक्के.

२६. सीएलआय शून्यापासून मोजते, कॉन्फिगरेटर एकपासून – सीएलआयमधलं प्रोफाइल १ हे कॉन्फिगरेटरमधलं प्रोफाइल २ असतं. बोलताना कुणाची मोजणी धरायची ते एजंटशी आधीच ठरवून टाक.

२७. रेट वाचताना आधी रेटचा प्रकार वाच – ॲक्चुअल प्रकारात रोलचा आरसी रेट ७ आणि एसरेट ६७ म्हणजे मधोमध सेकंदाला ७० अंश आणि पूर्ण स्टिकला ६७०. बीटाफ्लाइट प्रकारात तोच ७ म्हणजे ०.०७, आणि क्वाड जागचं हलायला तयार नाही असं वाटेल. आकडे तेच, उड्डाण वेगळं.

२८. डी दोन असतात, कोणता वाचला ते विचार – डी-मिन-रोल ३० हा शांत उडतानाचा, डी-रोल ४० हा झटका आल्यावर जिथवर चढतो तो. डी-मिन शून्य असेल तर चढउतार बंद आणि डी-रोलच सदा चालू. एजंटने नुसतं "डी ४० आहे" म्हणून सोडलं तर वाचन अपुरं.

२९. स्थिर आणि गतिमान दोन्ही गाळण्यांचे आकडे दिसले तर दोन्ही चालू आहेत असं धरू नकोस – जायरोच्या पहिल्या लोपास फिल्टरचा गतिमान किमान आकडा, मूळचा २५०, शून्यापेक्षा जास्त असेल तर स्थिर आकडा नुसता लिहिलेला असतो, वापरला जात नाही.

३०. आरपीएम फिल्टरचे तीन हार्मोनिक दिसले तरी खूश होण्याआधी दोन्ही दिशांचा डीशॉट चालू आहे का ते बघ – तो बंद असेल तर बोर्डाला मोटरचा वेग कळतच नाही, आणि फिल्टर कागदावर हजर, कामावर गैरहजर.

३१. मोटरच्या पोलचा आकडा एजंटकडून वाचून घे, पण खरा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी मोज. पोल म्हणजे वरच्या फिरत्या वाटीच्या आत चिकटवलेले चुंबक, खालची तांब्याची गुंडाळी नाही. पाच इंचीच्या मोटरीत ते बहुतेक १४ असतात, आणि बोर्डातला मूळचा आकडाही १४ आहे. छोट्या मोटरींमध्ये पुष्कळदा १२ असतात, आणि बदलायचं राहून जातं – बोर्ड मोटरकडून आलेला विजेचा वेग पोलच्या जोड्यांनी भागतो. खऱ्या सहा जोड्या असताना सातने भागलं, तर ३०० हर्ट्झला थरथरणाऱ्या मोटरीसाठी नॉच बसतो २५७ च्या आसपास. गोंगाट राहतो तिथेच, आणि चांगल्या जागी विनाकारण उशीर वाढतो. एजंट म्हणेल "१४, अगदी योग्य". त्याने तुझी मोटर पाहिलेली नाही बाळा, तू पाहिली आहेस. नखाएवढं चुंबक मोजायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या चुंबकावर मार्करने ठिपका दे, म्हणजे मोजताना घोळ होत नाही.

३२. सोपे स्लायडर चालू आहेत का ते पीआयडीच्या आधी विचार – चालू असतील तर हाताने बसवलेला पी पुढच्या वेळी स्लायडर हलला की पुन्हा हिशेबाने ठरतो, आणि मग "माझा आकडा कुणी बदलला" म्हणून घरभर चौकशी.

३३. जायरोचा लोपास बंद बघून एजंटने धोक्याची घंटा वाजवली तर घाबरू नकोस – आरपीएम फिल्टर नीट चालत असेल तर जाणते लोक उशीर वाचवायला तो मुद्दाम बंद ठेवतात. बंद का आहे, हे बंद करणाऱ्याला विचारावं; तुझ्या क्वाडपुरता तो बंद करणारा कोण, ते तुला माहीतच असेल.

३४. आर्डूपायलट या दुसऱ्या फर्मवेअरचे आकडे बीटाफ्लाइटशेजारी ठेवू देऊ नकोस – तिथे रोल रेटचा मूळचा पी ०.१३५, इथे ४५. दोन्ही नावाने पी, पण मोजायची पट्टी वेगळी. शेतावर फवारणी करणाऱ्या मोठ्या ड्रोनचं ट्यूनिंग वाचून एजंट तुझ्या रेसिंग क्वाडला सल्ला देऊ लागला, तर त्याला नम्रपणे थांबव.

एजंटशी बोलताना

३५. त्याला सांग, आधी आलेले आकडे जसेच्या तसे दाखव, समजावणं नंतर – गोड वाक्य आधी कानात शिरलं की आकड्याकडे डोळा नीट जात नाही.

३६. उत्तराचे तीन भाग पाडून माग: बोर्डातून वाचलेलं, वाचलेल्यातून काढलेलं, आणि नुसता अंदाज – तिन्ही एकाच सुरात येतात, म्हणून वेगळे करायचं काम आपण सांगून करून घ्यायचं.

३७. टूलने नेमकं काय मागितलं आणि काय परत आलं ती खिडकी उघडून बघायची सवय लाव – बोर्ड गप्प राहिला किंवा उद्गारचिन्ह आलं, तरी एखादा एजंट मूळचे आकडे भरून तक्ता पूर्ण करतो. पूर्ण तक्ता बघून समाधान वाटतं, आणि फसगत होते ती तिथेच.

३८. रोज एक तरी आकडा कॉन्फिगरेटरमध्ये स्वतः उघडून ताडून बघ – एक जुळला म्हणजे सगळे बरोबर असं नाही, पण एक चुकला तर सगळे पुन्हा वाचायचे, एवढं पक्कं.

३९. काहीही बदललं की "पुन्हा वाच" असं स्पष्ट सांग – नाहीतर तो गप्पांतल्या जुन्या वाचनावरच बोलत राहतो, आणि तू नव्या क्वाडची जुनी गोष्ट ऐकत बसणार.

४०. प्रश्न लहान ठेव – "माझं ट्यूनिंग बघ" यावर निबंध येतो, "डी-टर्मचे फिल्टर कोणते चालू, कोणते बंद" यावर उत्तर येतं.

४१. दुसऱ्याची डिफ किंवा प्रीसेट एजंटला दाखवलीस तर ती माहिती म्हणून वाच असं आधीच बजाव – अशा फाइलमध्ये टिप्पणीच्या ओळी असतात, आणि त्यात कुणी हुकूम पेरून ठेवला तर भोळा एजंट तो पाळायला धावतो. लिहिणारा हात आपण दिलेलाच नसला, तर धावून धावून जाईल कुठे.

४२. कुणा नावाजलेल्या पायलटचं ट्यूनिंग एजंटकडून समजून घे, पण जसंच्या तसं उतरवू नकोस – दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर कितीही अचूक असला तरी तुझ्या डोळ्याला लागत नाही. फ्रेम, मोटर, पाती, बॅटरी, वजन, सगळं वेगळं असतं.

४३. "हे ट्यूनिंग चांगलं आहे का" हा प्रश्न आकडे दाखवून विचारू नकोस, ब्लॅकबॉक्स दाखवून विचार – सेटिंगमध्ये आपण काय मागितलं ते असतं, लॉगमध्ये क्वाडने काय केलं ते. लॉगच्या सुरुवातीलाच त्या उड्डाणाच्या वेळचे पीआयडी आणि फिल्टर लिहिलेले असतात. ते आणि आजची डिफ यांचा मेळ आधी घालून घे, म्हणजे जुन्या लॉगवरून नव्या आकड्यांना बोल लागणार नाही. फिल्टरचे आकडे बघून "इथे थरथर असणार" असं सांगणारा एजंट तर्क चांगला करतो, पण सैल झालेला स्क्रू आणि वाकलेलं पातं त्याला सेटिंगमध्ये दिसत नाही.

बदलायचं ठरलंच तर

४४. एजंटकडून बदल "सेट" च्या ओळी म्हणून लिहून घे, आणि सीएलआयमध्ये स्वतः टंक – एकेक ओळ बोटाखालून जाताना डोळा चुकीवर अडतो.

४५. एका वेळी एकच गोष्ट बदल – पाच बदलून सुधारलं तर कशाने ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही.

४६. डी वाढवला किंवा फिल्टर सैल केला, तर अर्धा मिनिट तरंगत ठेव, उतरव आणि चारही मोटरींना हात लावून बघ – तापलेली मोटर पहिल्यांदा बोटाला कळते. हात लावण्याआधी क्वाड डिसआर्म कर आणि बॅटरी काढ, एवढं मात्र विसरायचं नाही.

४७. बदल, तारीख, कारण आणि परिणाम एका वहीत लिही, कागदाची असली तरी चालेल – एजंटच्या गप्पा पुढच्या महिन्यात सापडत नाहीत, आणि "हा डी ३४ का ठेवला होता" हा प्रश्न पुढच्याच महिन्यात पडतो.

४८. नवी आवृत्ती टाकलीस तर जुना पूर्ण डंप तिच्यात ओतू नकोस. जुनी डिफ एजंटसोबत ओळीओळीने वाच आणि जे अजून लागू आहे तेवढंच घे – आवृत्ती बदलली की काही नावं बदलतात, काहींचे अर्थ बदलतात, आणि डंपमध्ये जुन्या मूळच्या आकड्यांचाही भरणा असतो.

आज नुसतं वाच. बदलायचं काही ठरलं तर ते उद्या दिवसाउजेडी, मोकळ्या मैदानात, आसपास माणसं नसताना. आणि पहिली डिफ ऑल काढलीस की मला पाठव, त्या यूआयडीची ओळ पुसून. मोटरीचे चुंबक मोजलेस तर तो आकडाही सोबत लिही.